काय जमायला हवे, ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले आरोग्याचे पान मी न चुकता वाचते. सध्या त्या पानावर व्यायामाने ‘कायापालट’ झालेल्या वाचकांची लेखमाला सुरू आहे. प्रत्येक लेखासोबत दोन छायाचित्रे, एक आधीचे आणि एक नंतरचे. खाली ठळक अक्षरांत किती किलो उतरले आणि कंबर किती इंच आत गेली. या मंडळींनी घाम गाळला आहे, महिनोन्महिने नेटाने पथ्य पाळले आहे, त्याचे कौतुकच आहे. पण लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनही मला हवी ती माहिती सापडत नाही. यांना आता जिना चढताना दम लागतो का? जमिनीवरून हात न टेकता उठता येते का? भरलेली पिशवी न थांबता किती लांब नेता येते? यातले काहीच कोणी त्यांना विचारलेले दिसत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आजारपणातून, अपघातातून किंवा नुसत्या बैठ्या आयुष्यातून ज्यांचे शरीर आखडले आहे, अशा माणसांना पुन्हा चालायला, वाकायला, उचलायला शिकवणे हे माझे रोजचे काम. त्या कामातून माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे, जरा लांबले तरी. व्यायाम सुरू करणाऱ्याने आपले ध्येय शरीर कसे दिसते यावर बांधू नये, शरीराला काय जमते यावर बांधावे. चांगले दिसावेसे वाटण्यात गैर काही नाही, ते सगळ्यांनाच वाटते. पण त्या एका इच्छेवर उभा केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, आणि कधी कधी तो शरीराच्याच मुळावर उठतो. दोन्ही गोष्टी मी रोज पाहते.

माझ्याकडे नवीन कोणी आले की तपासणीआधी मी विचारते, ‘तुम्हाला काय करता यायला हवंय?’ पहिले उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. ‘पोट कमी व्हायला हवं.’ ‘दंड भरायला हवेत.’ मी ते लिहून घेते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. मग माणूस जरा विचारात पडतो, आणि एकदा बोलायला लागला की थांबत नाही. ‘नातीला कडेवर घेतलं की दुसऱ्या मजल्यापर्यंत जाववत नाही.’ ‘प्रवासात बॅग वरच्या फळीवर टाकायला कोणाला तरी हाक मारावी लागते.’ ‘बुटाची नाडी बांधायला वाकलो की श्वास कोंडतो.’ ‘मुलं पळतात आणि मी बाकावर बसून बघतो.’ ही उत्तरे मिळाली की मला व्यायाम आखता येतो. कोणत्या सांध्याची हालचाल कमी पडते, कोणत्या स्नायूत ताकद नाही, दम कुठे संपतो, हे सगळे त्या एका वाक्यात असते. ‘पोट कमी’ यातून मात्र उद्या सकाळी नेमके काय करून घ्यायचे ते कळत नाही. पोटाचे कितीही व्यायाम केले तरी तिथलीच चरबी निवडून उतरत नाही. ती आधी कुठून जाईल हे शरीर आपल्या मर्जीने ठरवते.

साठी ओलांडलेल्या एका काकू माझ्याकडे आल्या त्या गुडघेदुखी आणि वजन अशी दोन गाऱ्हाणी घेऊन. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी खालच्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. घरात एकट्या असताना त्या पाय घसरून बसल्या होत्या. ‘लागलं काहीच नव्हतं हो. पण उठताच येईना. शेजारीण येईपर्यंत तशीच बसून होते.’ तेव्हापासून त्यांनी जमिनीवर बसणेच सोडले होते. खाली पडलेली वस्तू त्या पायाने सरकवत सरकवत पलंगापर्यंत न्यायच्या आणि पलंगावर बसून उचलायच्या. त्यांच्या कागदावर मी वजनाच्या रकान्याशेजारी लिहिले : जमिनीवरून एकटीने उठता येणे.

आता हे शिकवतात कसे, ते सांगते, कारण ‘ताकद वाढवा’ हा सल्ला सगळे देतात आणि पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. सुरुवात जमिनीवरून करायचीच नसते. आधी उंच खुर्चीवरून उठणे, हात न लावता. ते सहज व्हायला लागले की त्याहून ठेंगणी बैठक. मग स्टूल. मग एकावर एक ठेवलेल्या जाड उशा, आणि त्यातली एक एक काढत जायची. मांड्यांना त्यातून जी ताकद येते ती थेट कामाला येते. दुसऱ्या बाजूने जमिनीची भीती घालवायची. काकूंना मी आधी भिंतीला धरून एक गुडघा उशीवर टेकवायला लावला, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल. मग दोन्ही गुडघे. मग हात आणि गुडघे टेकून रांगण्याच्या स्थितीत यायचे, एक पाऊल पुढे आणायचे, समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवायचा आणि पुढच्या पायाने जमीन दाबत वर यायचे. पहिल्या वेळी त्यांचा सगळा भार खुर्चीवरच्या हातांवर होता, खुर्ची मी धरून ठेवली होती. पुढे पुढे तो हात हलका होत गेला. नंतर खुर्चीऐवजी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून त्या उठू लागल्या.

या काळात वजनकाटा फारसे काही वेगळे सांगत नव्हता. ध्येय वजनाचे असते तर काकूंनी केव्हाच व्यायाम सोडला असता, अशी माझी खात्री आहे. पण काल उशा तीन होत्या आणि आज दोन आहेत, हे त्यांना स्वतःला दिसत होते. त्यासाठी ना माझ्या शाबासकीची गरज होती, ना आरशाची.

हा काही मनाला बरे वाटण्यापुरता फरक नाही, त्यामागे शरीराचे गणित आहे. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. मेंदू आणि स्नायू यांची जुळणी सुधारते, एका वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लागतात, हालचाल सफाईदार होते. स्नायूचा आकार वाढायला त्यानंतर बराच वेळ लागतो. म्हणजे काय जमते ते आधी बदलते, आणि काय दिसते ते मागाहून. आरशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला नेमका हा पहिला, सगळ्यांत झपाट्याने प्रगती होणारा काळ कोरडा वाटतो आणि तो ‘काही फरक पडत नाही’ म्हणून निघून जातो. जिम सोडून गेलेल्यांशी बोलले की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते.

वजनकाट्याचेही तसेच. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तिप्पट वजनाचे पाणी राहते. एखादे जास्तीचे जेवण, कमी झोप, बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस, एवढ्यानेही काटा किलोभर इकडे तिकडे होतो. आठवडाभर मनापासून केलेल्या व्यायामाची पावती अशा काट्यावर मागायची आणि ती मिळाली नाही की खट्टू व्हायचे, हा मला माणसांवर अन्याय वाटतो.

आकार आणि ताकद यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण १९९० सालचे आहे. अमेरिकेत बोस्टन इथे मारिया फियातारोने या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षे वयाच्या, अगदी अशक्त झालेल्या दहा स्वयंसेवकांकडून मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेतला. या वयात वजने उचलायला लावणे म्हणजे धोका, असेच तेव्हा बहुतेकांना वाटायचे. आठ आठवड्यांनी ज्यांनी व्यायाम पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. मांडीतल्या स्नायूचा आकार वाढला होता सुमारे ९ टक्के. या आजी-आजोबांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो काढले असते तर कोणालाही फरक कळला नसता. पण त्यांतल्या दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले होते.

दुसरे उदाहरण त्याहून जुने. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वर-खाली. पगार, वस्ती, पार्श्वभूमी बरीचशी सारखी, तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी. त्यावर शंका निघाली की मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील. तेव्हा मॉरिस आणि त्यांचे सहकारी थेट गणवेशाच्या नोंदींकडे वळले, कारण कंपनीकडे प्रत्येकाच्या विजारीच्या कंबरेचे माप होते. ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण मापे लावून पाहिली तरी फरक उरलाच. बारीक असो, मध्यम असो की जाड, कंडक्टरचा धोका त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा कमी होता. आपल्या लेखमालेत कंबरेचे इंच वाचताना मला दर वेळी त्या विजारी आठवतात. पुढे १९९९ मध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे बावीस हजार पुरुषांची ट्रेडमिलवर चाचणी घेतलेली आकडेवारी मांडली, तीही त्याच दिशेची होती : दमसास चांगला असलेल्या जाड पुरुषांपेक्षा दमसास नसलेल्या सडपातळ पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते.

यावरून वजनाला काहीच अर्थ नाही असे मी म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडकणे यांत वजन उतरवल्याने खरा फायदा होतो. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर त्यांचे ऐकायलाच हवे. कंबरेचा घेरही वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचा आहे. पण ते तपासणीचे आकडे आहेत, डॉक्टर आणि रुग्णाने मिळून पाहायचे. रोज सकाळी उठून कोणत्या ओढीने बूट घालायचे, त्याचे उत्तर त्यांत मिळत नाही. ज्याचा सगळीकडे बोलबाला आहे तो बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, मुळात १८३० च्या दशकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने मोठ्या लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडला. एकेका माणसाची तब्येत जोखणे हा त्याचा हेतूच नव्हता. या आकड्यात किती हाडे, किती स्नायू, किती चरबी हे कळत नाही. स्नायू झिजलेले पण बीएमआय ‘नॉर्मल’ असलेले कितीतरी ज्येष्ठ माझ्याकडे येतात आणि त्यांना आजवर कोणी व्यायाम करा असे सांगितलेलेच नसते, कारण ते बारीक आहेत.

आता दिसण्याचे ध्येय मुळावर उठते म्हणजे काय, तेही सांगायला हवे. एक विशीतला मुलगा पाठदुखीसाठी आला. शरीर असे की कोणीही वळून पाहावे. त्याला हात डोक्यावर सरळ न्यायला सांगितले तर ते अर्ध्यातच अडकले आणि कंबर पुढे निघाली. टाचा जमिनीला टेकवून खाली बसायला सांगितले तर मागे कलंडला. आरशात जे स्नायू दिसतात, छाती, दंड, पोट, तेवढ्यांवरच त्याने वर्षे घालवली होती. पाठीचे, खांद्याच्या पात्यांचे, नितंबांचे स्नायू आरशात दिसत नाहीत, म्हणून ते राहून गेले होते. बोलता बोलता त्याने सांगितले की फोटो काढायचा असला की तो आदल्या दिवसापासून पाणी तोडतो, म्हणजे त्वचा स्नायूंना चिकटल्यासारखी दिसते. चक्कर येते, पण फोटो चांगला येतो. ज्या दिवशी शरीर सगळ्यात ‘फिट’ दिसते त्या दिवशी ते सगळ्यात दुबळे असते, हे त्या मुलाला माहीत होते आणि तरीही तो ते करत होता. आपण सगळे त्या फोटोला दाद देतो म्हणून तो करतो.

धावणाऱ्या एका मुलीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती, ती दुसरी. खोलात गेल्यावर कळले की तिची पाळी कित्येक महिने आलेली नाही. हलकी दिसलीस तर वेग वाढेल, असे तिला कोणीतरी सांगितले होते आणि ती जेवण कमी करत गेली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. शरीर जितके कष्ट करते त्या मानाने त्याला अन्न मिळाले नाही की हार्मोन, हाडे, प्रतिकारशक्ती, मन सगळ्यांवर परिणाम होतो, मुलींवर होतो तसा मुलांवरही. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मी, आम्ही तिघींनी तिच्याशी वजनाबद्दल बोलणेच बंद केले. एका पायावर उडी मारून तोल सांभाळत उतरता येते का, टाच उचलून चवड्यावर किती वेळा उभे राहता येते, सरावाच्या दुसऱ्या दिवशी अंगात उत्साह असतो का, एवढेच तिला विचारायचे. खाल्ले तर हे जमते आणि नाही खाल्ले तर जमत नाही, हा संबंध तिला स्वतःला दिसू लागला तेव्हा ती व्यवस्थित जेवू लागली. जे तिच्या आईच्या विनवण्यांनी झाले नव्हते.

आपल्या पानावरच्या फोटोंबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते. असे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन फोटो एकाच दिवशी काढता येतात. उजेड बदलायचा, खांदे मागे न्यायचे, पोट आत ओढायचे, फोटोआधी थोडे वजन उचलून स्नायूंत रक्त भरू द्यायचे. आपल्या वाचकांनी तसे केले असे मी अजिबात सुचवत नाही. पण ज्या पुराव्यात एवढी जागा आहे, त्यावर शेकडो लोक आपापल्या शरीराची तुलना करत बसतात. जमिनीवरून उठणे मात्र कोणालाही पोट आत ओढून करता येत नाही.

मग ध्येय कसे ठरवायचे? माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, ज्या कामाला आता तुम्ही टाळाटाळ करता ते शोधा. लिफ्ट बंद असली की कपाळाला आठ्या पडतात, तर ध्येय तिसरा मजला, न थांबता आणि वर पोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता येईल इतका दम राखून. मग त्यासाठी लागते ते करा : एका पायरीवर चढ-उतर, खुर्चीतून उठबस, भरभर चालणे. चालण्याचा वेग कसा ओळखायचा, तर बोलता यावे पण गाता येऊ नये. ज्यांना जोर मारता यावासा वाटतो त्यांनी भिंतीवर हात टेकून सुरुवात करावी, मग टेबलाच्या कडेवर, मग बाकावर, मग जमिनीवर. दर वेळी उंची थोडी कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा असे म्हटले आहे. ६५ च्या पुढे तर तोल आणि ताकदीवर भर देणारे विविध व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस. यातला चालण्याचा भाग लोकांना पाठ असतो. ताकदीचा आणि तोलाचा भाग कोणाच्या गावीही नसतो, आणि पडण्यापासून वाचवायला नेमके तेच लागतात.

वजने मोजून, थोडी थोडी वाढवत नेण्याची पद्धत आज शरीरसौष्ठवाची मक्तेदारी वाटते. वैद्यकात ती रुजली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांमुळे. जखमी सैनिकांचे पाय हलक्या, न संपणाऱ्या व्यायामांनी लवकर सुधारत नव्हते. डीलॉर्म यांनी प्रत्येकाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधले आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत नेले. सैनिकाला पुन्हा पायावर उभे करणे हाच त्यामागचा हेतू होता. आमच्या व्यवसायात आजही जवळपास तसेच चालते.

क्षमतेचे ध्येयही बिघडू शकते, हे मान्य करते. शेजारच्याने जास्त उचलले म्हणून आपणही उचलायला जाणे, दुखत असताना आकडा गाठायचा हट्ट धरणे, यातून झालेल्या दुखापतीही माझ्याकडे येतात. म्हणून तुलना आपल्या मागच्या महिन्याशी करावी. आणि ‘क्षमता’ म्हटले की सगळ्यांना धावता, उड्या मारता यायलाच हवे असा अर्थ कोणी काढू नये. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाचे ध्येय होते पलंगावरून खुर्चीत कोणाच्या मदतीशिवाय जाणे. खांदे, पाठ आणि मनगट यांवर आम्ही मेहनत घेतली. दीर्घ आजारातून उठलेल्या बाईंचे ध्येय होते स्वतःचे केस स्वतः विंचरता येईल इतका वेळ हात वर ठेवणे. आपल्या लेखमालेत या दोघांना जागा मिळाली नसती, कारण फोटोत दाखवण्यासारखे काहीच बदलले नव्हते. त्यांच्या दिवसात मात्र खूप काही बदलले होते.

आणि याच कारणासाठी आपल्याला माझी विनंती आहे. लेखमाला बंद करू नका, पण ज्यांच्यावर लेख येतो त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा : तुम्हाला आता काय करता येते? किलो आणि इंच मथळ्यातून काढून टाका. ‘नंतर’च्या फोटोत माणूस काहीतरी करताना दिसू द्या, उचलताना, चढताना, मुलाला खांद्यावर घेताना.

शिवाय महिन्यातून एकदा पानावर एक साधी चाचणी छापा. पहिली म्हणून अर्ध्या मिनिटाची खुर्चीची चाचणी घ्या. सुमारे ४३ सेंटिमीटर उंच बैठकीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची. हात छातीवर आडवे घ्यायचे, ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसायचे आणि किती वेळा झाले ते मोजायचे. ६५ ते ६९ वयाच्या बायकांमध्ये ११ पेक्षा कमी आणि पुरुषांमध्ये १२ पेक्षा कमी आले तर पायांची ताकद सरासरीहून कमी समजतात. पुढे केव्हातरी जमिनीवर बसून उठण्याची चाचणीही घेता येईल. ब्राझीलच्या क्लॉडिओ अरौजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवर ती करून पाहिली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ज्यांना बसताना-उठताना सर्वांत जास्त आधार लागला त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. आधार लागणे हे मृत्यूचे कारण नाही, ती शरीराने दिलेली सूचना आहे, आणि सराव केला तर हा आकडा बहुतेकांचा सुधारतो. पण ही चाचणी सांधे बदललेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी किंवा हाडे ठिसूळ झालेल्यांनी एकट्याने करू नये, ही सूचना तिच्याबरोबर चौकटीत हवीच. खुर्चीच्या चाचणीलाही पहिल्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे, आणि छातीत दुखले किंवा गरगरले तर लगेच थांबावे.

पहिल्या चाचणीचा मजकूर आणि बसून व्यायाम करणाऱ्यांसाठी तिचे वेगळे रूप मी लिहून द्यायला तयार आहे. रेखाचित्रे मात्र आपल्या चित्रकाराकडून करून घ्यावी लागतील, आणि त्यांत साठीच्या, जाड्या, बारीक, सगळ्या अंगकाठीच्या बायका-पुरुष असावेत. मजकूर मोठ्या अक्षरांत छापावा. ज्यांना या चाचणीचा सर्वाधिक उपयोग होईल, त्यांपैकी अनेकांना आपल्या पानावरचे बारीक अक्षर वाचता येत नाही आणि ते पान मग घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवावे लागते.

आपली नम्र,
एक वाचक आणि फिजिओथेरपिस्ट